कार्निव्हल ग्लास जमवताना चकाकी सगळ्यात शेवटी बघा

दुकानात कार्निव्हल ग्लासचा, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या चकाकत्या काचेचा, बाऊल हातात आला की बहुतेक माणसं एकच करतात. तो दिव्याखाली धरून हळूहळू फिरवतात. जांभळ्यातून हिरवा, हिरव्यातून सोनेरी असे रंग सरकू लागले की "अय्या, काय सुंदर!" म्हणतात आणि पर्स उघडतात. पहिली दोन वर्षं मीही हेच केलं. त्या काळात घेतलेल्या एकवीस वस्तूंपैकी आज माझ्या कपाटात सहा आहेत. उरलेल्या पंधरांपैकी काहींना चिरा निघाल्या, काही शंभर वर्षांच्या नसून साठ-सत्तर सालातल्या निघाल्या, आणि एक तर इतकी ताजी होती की तळाच्या स्टिकरचा डिंक अजून बोटाला लागत होता. चकाकी मात्र पंधराही जणींना होती.

म्हणून इथला क्रम उलटा आहे. आधी तळ, मग काठ आणि नक्षी, मग शिक्का, मग टवके. चकाकी शेवटी.

ही काच आहे तरी काय

कार्निव्हल ग्लास म्हणजे साच्यात दाबून काढलेली काच, जिच्यावर गरम असतानाच धातूच्या क्षारांचा फवारा मारलेला असतो. भट्टीतून दांड्याच्या टोकावर रसरशीत काचेचा गोळा काढायचा, कात्रीने कापून लोखंडी साच्यात सोडायचा आणि वरून दट्ट्याने दाबायचा. साच्यातून निघालेली वस्तू पुन्हा तापवायची आणि मऊ असतानाच तिचा काठ हाताने वळवायचा. मग टिन क्लोराइड किंवा आयर्न क्लोराइडचा द्राव फवारायचा. कामगार या द्रावाला 'डोप' म्हणत. त्याने काचेवर धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. त्या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि रंग हलताना दिसतात. पावसाळ्यात डबक्यावर पेट्रोलचा तवंग चमकतो, तेच भौतिकशास्त्र. दिसायला मात्र ही काच धूपछाव पैठणीच्या जवळची.

या चमकत्या काचेची हौस सुरू केली ती श्रीमंतांनी. अमेरिकन काचकलावंत लुई कम्फर्ट टिफनीने १८९४ साली आपल्या काचेसाठी 'फाव्रील' हे नाव नोंदवून घेतलं होतं. त्याची काच कारागिराने फुंकून घडवलेली असे आणि किंमतही तशीच असे. वेस्ट व्हर्जिनियातल्या विल्यमस्टाउनच्या फेंटन कंपनीने १९०७-०८ च्या सुमारास तीच चमक साच्यातल्या स्वस्त काचेवर आणली. पाठोपाठ व्हीलिंगची नॉर्थवूड, बेलेअरची इम्पीरियल, पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना गावची ड्युगन आणि ओहायोतल्या मिलर्सबर्गची त्याच नावाची कंपनी असे कारखाने उतरले. बटलर ब्रदर्ससारखे घाऊक व्यापारी या वस्तू गावोगावच्या दुकानांना पिंपं भरभरून पाठवत आणि नग काही सेंटांना विकला जाई. विसाच्या दशकात हौस ओसरली. 'कार्निव्हल ग्लास' हे नाव तर पुढच्या पिढीच्या संग्राहकांनी दिलेलं, जत्रेत बक्षीस म्हणून मिळणारी काच अशा अर्थाने. ज्यांनी ती बनवली त्यांनी हा शब्द ऐकलाही नव्हता. त्यांच्या जाहिरातींत 'इरिडिल', 'गोल्डन आयरिस' अशी ऐटबाज नावं असत.

हे सगळे कारखाने ओहायो नदीच्या आसपास का, असं नकाशा बघताना वाटतं. या पट्ट्यात नैसर्गिक वायू आणि कोळसा मुबलक होता, काचेजोगी वाळू मिळत होती आणि माल न्यायला नदी नि रेल्वे होती. मी पिट्सबर्गला राहते. इथून व्हीलिंग तासाभरावर आणि नदी ओलांडली की समोर बेलेअर. आमच्याकडे पाहुणे आले की लोक त्यांना नायगारा दाखवतात, मी बंद पडलेल्या काचकारखान्यांची गावं दाखवते. घरी यावर जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

पायरी १: तळ उजेडाकडे धरा

वस्तूचा रंग म्हणजे चकाकीचा रंग, हा या छंदातला पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. संग्राहक ज्याला रंग म्हणतात तो मूळ काचेचा रंग, डोपच्या खालचा. चकाकीत निळी झाक दिसली म्हणून बाऊल निळा होत नाही.

मोबाइलची बॅटरी लावा. बाऊल उचलून तिचा प्रकाश खालून तळावर टाका आणि वरून बघा. कारखान्यात फवारा बहुतेक वरून आणि बाजूने मारत, त्यामुळे तळाचं कडं किंवा पाय बरेचदा कोरा राहिलेला असतो. खरा रंग तिथे कळतो. जवळ पांढरा कागद असला तर तो खाली धरा, दुकानाच्या पिवळ्या दिव्यात फसायला होत नाही.

सर्वांत जास्त सापडतो तो मॅरिगोल्ड. मॅरिगोल्ड म्हणजे आपला झेंडू, आणि चमक खरोखर दसऱ्याच्या तोरणासारखीच केशरी-सोनेरी असते. पण त्याचा तळ बघितला तर काच बिनरंगाची. केशरी सगळं फवाऱ्यातून आलेलं. बाकी रंगांत मात्र काचच रंगीत असते: जांभळा, फिकट जांभळा म्हणजे अमेथिस्ट, कोबाल्ट निळा आणि हिरवा. हे चार-पाच रंग ओळखू यायला लागले की बाजारातल्या बहुतेक वस्तूंचा निकाल लागतो.

पुढे बर्फासारखे फिके रंग येतात, आइस ब्लू, आइस ग्रीन आणि पांढरा. यांत नॉर्थवूडचा हात कोणी धरू शकलं नाही. ड्युगनचा पीच ओपल हा मॅरिगोल्डचाच श्रीमंत भाऊ, काठाला दुधाळ पांढरी कड असते. आणि मग लाल. लाल काच भट्टीत साधायलाच कठीण, फेंटनने ती १९२० च्या दशकात काढली. तिचा काठ किंवा तळ उजेडात बघितला तर बरेचदा लालातून पिवळा डोकावतो. एकाच साच्यातला, एकाच नक्षीचा फेंटनचा 'ड्रॅगन अँड लोटस' बाऊल मॅरिगोल्डमध्ये असला तर सामान्य माणसाच्या खिशाला झेपतो आणि लाल असला तर किमतीला आणखी एक शून्य लागतं. तळ बघायचा आळस केला तर हे शून्य कोणाच्या खिशातून जातं ते सांगायला नको.

ओहायोतल्या एका रविवारच्या बाजारात एक आजी 'ब्लू' अशी चिठ्ठी लावून बाऊल विकत होत्या. मी बॅटरी धरली. तळ पाण्यासारखा स्वच्छ, म्हणजे मॅरिगोल्ड, वरची निळाई नुसत्या चकाकीची. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "बाई, तुझ्याकडे बॅटरी आहे म्हणजे तुला माहीत आहे. पंचवीस दे." त्या दिवसापासून मी बॅटरी खिशातून लवकर काढते. भावाची घासाघीस वाचते.

पायरी २: काठ, पाठ आणि नक्षी

साच्यातून निघालेली वस्तू अजून मऊ असते. तिचा काठ कारागीर हाताने वळवतो, म्हणून एकाच साच्यातून ताट निघतं, बाऊल निघतो, गोल मिटलेला रोझ बाऊल निघतो. आकार शंभर, साचा एक. त्यामुळे वस्तू ओळखताना आकारापेक्षा नक्षीवर भर द्या, आणि नक्षी आतली नि बाहेरची दोन्ही बघा. अनेक बाऊलांची आतली आणि बाहेरची नक्षी वेगवेगळी असते. पाठीवरून कारखाना पक्का होतो, समोरचं चित्र कधी कधी दोन कारखान्यांनी काढलेलं असतं. 'ग्रेप अँड केबल' हा द्राक्षांचा वेल नॉर्थवूडचा सगळ्यात गाजलेला नमुना, पण फेंटननेही त्याची आपली आवृत्ती काढली होती.

काठांची नावं इंग्रजी पुस्तकांत वाचून मला काही उमजत नव्हती. 'पाय क्रस्ट एज' म्हणजे काय हे कळलं ते एकदम दिवाळीच्या आठवणीने: करंजीची मुरड! तश्शीच बारीक, तिरकी, सारख्या अंतराची. नॉर्थवूडच्या बाऊलांवर ही दिसते. 'कँडी रिबन' म्हणजे साडीच्या निऱ्यांसारख्या दाटीने घातलेल्या चुण्या. 'थ्री-इन-वन' म्हणजे एक मोठी लाट आणि मध्ये छोट्या तीन. हे पाठ करायची गरज नाही. दहा बाऊल हाताळले की बोटांना कळतं.

सुरुवातीला सगळ्या नक्ष्यांच्या मागे लागू नका. नक्ष्या शेकड्यांनी आहेत आणि नावं संग्राहकांनी ठेवलेली, काही फारच कल्पक. दोन-तीन निवडा आणि त्यांच्यात मुरा. फेंटनची 'ऑरेंज ट्री' आणि 'बटरफ्लाय अँड बेरी' या नवख्याला सोयीच्या, कारण भरपूर सापडतात, स्वस्तात मिळतात आणि चित्रही चटकन ओळखू येतं. मोर हवा असेल तर नॉर्थवूडची 'पीकॉक ॲट द फाउंटन' आहे. मराठी घरात मोर लागतोच, पण या मोरापायी पाण्याचा जग आणि पेले असा अख्खा संच घ्यायचा मोह होतो, एवढं लक्षात ठेवा.

फुलदाण्यांची गोष्ट वेगळी. त्यांतल्या पुष्कळशा 'स्वंग' असतात. साच्यातून काढलेली ठेंगणी फुलदाणी दांड्याला धरून कारागीर गरागरा झुलवायचा आणि ती स्वतःच्या वजनाने लांब ताणली जायची. सहा इंचांची वस्तू दीड फुटांची होऊ शकते. म्हणून दोन फुलदाण्यांची उंची जुळली नाही तरी गोंधळू नका. तळाचा व्यास मोजा, तो साच्याचाच राहतो. शिवणकामाची टेप जवळ ठेवा. सगळ्यात उंच प्रकाराला इथे 'फ्यूनरल व्हाझ' म्हणतात. आईला फोनवर हे नाव सांगितलं तर म्हणाली, "अगं, असलं काही दिवाणखान्यात ठेवू नकोस." मी ठेवलं आहे. नाव मराठीत सांगत नाही, बस.

पायरी ३: शिक्का वाचा, पण त्याच्यावर भाळू नका

नॉर्थवूडचा शिक्का म्हणजे वर्तुळात खाली रेघ मारलेला इंग्रजी एन. हॅरी नॉर्थवूड इंग्लंडमधल्या नामवंत काचकारागिराचा मुलगा. १८८१ साली तो अमेरिकेत आला आणि व्हीलिंगच्या एका कारखान्यात काचेवर नक्षी कोरायच्या कामाला लागला. १९०२ मध्ये त्याने तोच कारखाना विकत घेतला. १९१९ साली तो वारला आणि १९२५ मध्ये कंपनी बंद झाली. म्हणजे हा शिक्का खरा असेल तर वस्तू शंभरीला आलेली किंवा ओलांडलेली.

'खरा असेल तर' हे मुद्दाम लिहिलं. एल. जी. राइट कंपनीने पुढे काढलेल्या वस्तूंवर वर्तुळात जवळजवळ तसंच अक्षर आहे, फक्त एन ला एक काडी जास्त. घाईत बघितलं तर फसलातच. मी शिक्क्यावर बोट फिरवते आणि मग भिंगातून काड्या मोजते. लोक हसतात, हसू देत.

आणि आता या छंदातला सगळ्यात मजेदार नियम: 'फेंटन' असं नाव कोरलेलं दिसलं तर वस्तू जुनी नाही. जुन्या काळी फेंटन आपल्या कार्निव्हल ग्लासवर नाव घालतच नसे. लंबवर्तुळातलं 'फेंटन' हे नाव १९७० पासून येऊ लागलं. तसंच आय आणि जी ही अक्षरं एकमेकांवर चढवलेला इम्पीरियलचा शिक्का १९५१ नंतरचा. इम्पीरियलने साठच्या दशकात जुने साचे बाहेर काढून तीच कार्निव्हल ग्लास पुन्हा बनवली. तो माल वाईट नाही, सुंदर आहे. पण तो जुन्याच्या भावाने घ्यायचा नसतो. मिलर्सबर्गने तर शिक्का मारलाच नाही. तो कारखाना १९०९ मध्ये सुरू होऊन १९११ मध्ये दिवाळखोरीत गेला, त्यामुळे त्याच्या वस्तू मोजक्या आणि महाग. त्यांची 'रेडियम' चमक आरशासारखी असते.

थोडक्यात, शिक्का नसणं हा दोष नाही आणि शिक्का असणं हा पुरावा नाही.

पायरी ४: डोळे मिटा, नख फिरवा

टवका डोळ्यांना चुकवतो, कारण चकाकी नजरेला दुसरीकडे ओढते. म्हणून डोळे मिटून अंगठ्याचं नख काठावरून पूर्ण फिरवा. गुळगुळीत चालता चालता नख कुठे अडकलं, खरखरलं, की थांबा. मग तळाचं कडं, मग नक्षीचे उंच कंगोरे, मग कान असेल तर कानाचा सांधा. करवतीसारख्या दातेरी काठांवर प्रत्येक दात तपासा. एखादा दात बाकीच्यांपेक्षा बुटका आणि सपाट असेल तर तो टवका उडाल्यावर घासून काढलेला आहे, असं समजा.

नखाला लागलेली प्रत्येक रेघ चीर नसते, हेही शिकावं लागतं. गोळा साच्यात टाकताना कात्रीने कापतात, त्या कात्रीची खूण काचेत रेघ होऊन राहते. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे उभी शिवण असते. या दोन्ही जन्मखुणा, यांच्यामुळे कोणी किंमत कमी करत नाही. चीर ओळखायची तर बॅटरी तिरकी धरा. चिरेच्या आत हवा असते, त्यामुळे तिचा पापुद्रा एका कोनात आरशासारखा लखकन चमकतो. कात्रीची खूण तशी चमकत नाही, ती नुसती रेघच राहते.

वजन आणि झीज याच वेळी बघून घ्या. शंभर वर्षं टेबलावर सरकलेल्या बाऊलाच्या तळाला बारीक ओरखडे असतात, सगळ्या दिशांचे, वेडेवाकडे. ओरखडे एकाच दिशेने समांतर गेले असतील तर कोणीतरी सँडपेपर फिरवलेला आहे. आशियातून आलेल्या नव्या नकला बहुधा जड असतात, नक्षीच्या कडा बोथट असतात, आणि चकाकी अंगावर येते, लग्नाच्या हॉलमधल्या झालरीसारखी. जुन्याची चकाकी शांत असते. हे वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. शंभर-दीडशे वस्तू हाताळल्यावर कळलं.

आता, चारही पायऱ्या झाल्यावर, दिव्याखाली बाऊल फिरवा आणि मनसोक्त बघा. एकाच साच्यातल्या दोन बाऊलांत चकाकीने फरक पडतो, आणि तो किमतीतही दिसतो. एकसारखा बसलेला, पाठीपर्यंत पोहोचलेला फवारा बघा. आतल्या बाजूला मधोमध चकाकी उडाली असेल तर तो बाऊल वर्षानुवर्षं चमच्यांनी खरवडला गेला आहे. ती परत येत नाही.

कुठे घ्यावी आणि किती द्यावेत

अँटिक मॉल, फ्ली मार्केट आणि घर रिकामं करताना होणारे एस्टेट सेल ही शिकायची ठिकाणं. साधा मॅरिगोल्ड बाऊल अजूनही वीस ते चाळीस डॉलरांत मिळतो. पहिल्या वर्षी त्याच्या वर जाऊ नये, असं माझं मत आहे, कारण पहिल्या वर्षी चुका होणारच आणि त्या स्वस्तात झालेल्या बऱ्या. ऑनलाइन लिलावात बोली लावण्याआधी तळाचा फोटो मागा. तळाचा फोटो द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडची वस्तू घेऊ नये.

पण खरी शाळा म्हणजे संग्राहकांची अधिवेशनं. अमेरिकन कार्निव्हल ग्लास असोसिएशन, इंटरनॅशनल कार्निव्हल ग्लास असोसिएशन अशा संस्था हॉटेलात दोन-तीन दिवसांचं संमेलन भरवतात. शेवटी लिलाव असतो, पण मजा त्याच्या आधी. सभासद आपल्या हॉटेलच्या खोलीतल्या पलंगांवर चादर अंथरून काच मांडतात, दार उघडं ठेवतात आणि तुम्ही खोलीखोलीत हिंडत विकत घेता. पहिल्यांदा परक्या माणसाच्या बेडरूममध्ये शिरताना मला इतका संकोच वाटला की दारातच चपला काढल्या. आतल्या काकांनी एक जांभळा बाऊल सरळ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घाबरू नकोस, बघ. हाताळल्याशिवाय कळणार कसं?" तासाभराने निघाले तेव्हा काही घेतलं नव्हतं आणि पाच नवी नावं पाठ झाली होती.

पैसे न घालवता डोळा तयार करायचा असेल तर संग्रहालयांत जा. व्हीलिंगला ओगलबेच्या काचसंग्रहालयात स्थानिक कारखान्यांचा माल आहे, बेलेअरला इम्पीरियलचं संग्रहालय आहे. न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्निंगचं काचसंग्रहालय तर पूर्ण दिवस मागतं, आणि तिथे भट्टीसमोर बसून काच घडताना बघायला मिळते.

धुणं आणि मांडणं

जानेवारीतली गोष्ट. बाहेर उणे बारा. दिवसभर गाडीच्या डिकीत पडलेला हिरवा बाऊल घरी आणला आणि उत्साहात थेट गरम नळाखाली धरला. 'टक्' असा एवढासा आवाज आला. लिंबाची फोड कापल्यासारखा बाऊल उभा दुभंगला. थंड काच आणि गरम पाणी यांचं जमत नाही हे शाळेत शिकले होते, पण शाळेत त्याला पंच्याऐंशी डॉलर पडले नव्हते.

तेव्हा नियम असा: घरात आणलेली काच चार-पाच तास तशीच ठेवा. मग सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरा, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घ्या, आणि हाताने धुवा. नक्षीतल्या मळासाठी मऊ टूथब्रश. डिशवॉशर नको, ब्लीच नको, व्हिनेगर नको, आणि पितळेची समई उजळायची म्हणून जे जे घरात असतं, चिंच, लिंबू, पितांबरी, त्यातलं काहीही नको. आपण ज्याची चमक वाढवायला जातो तो थरच निघून येतो. स्टिकरचा डिंक निघत नसेल तर खोबरेल तेल लावून ठेवा, तासाभराने कापसाने पुसा. आतून आलेला पांढुरका धूसरपणा धुऊन जात नसेल तर काचच आजारी आहे. ती घेण्याआधी बघायची गोष्ट होती.

बाऊल एकात एक रचायचे तर मध्ये कागदी प्लेट किंवा फ्लॅनेलचा तुकडा घाला. कपाटात दिवा समोरून किंवा वरून द्या. मागून उजेड आला की मूळ काचेचा रंग दिसतो आणि चकाकी विझते. पांढऱ्या ट्यूबपेक्षा पिवळसर एलईडी बरा. आणि खिडकीतून सकाळचं ऊन येत असेल तर ते ज्या भिंतीवर पडतं, कपाट त्या भिंतीला. सकाळी सातच्या सुमारास दहा मिनिटं माझा चहा थंड होतो, त्याचं कारण ती खिडकी.

आपल्याकडची चकाकती काच

अमेरिकेत ही लाट ओसरली तरी बाहेर ती चालूच होती. इंग्लंडमध्ये सोवर्बी, ऑस्ट्रेलियात क्राउन क्रिस्टल, फिनलंड, स्वीडन, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, अर्जेंटिना आणि भारतही. बांगड्यांचं गाव म्हणून आपण ओळखतो त्या फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सने अशी चकाकती काच काढली आणि आज ती परदेशी संग्राहक शोधत फिरतात. पेले आणि उभ्या फुलदाण्या जास्त. काच पातळ आणि हलकी, रंग बहुतेक मॅरिगोल्ड, आणि काही ठिकाणी चकचकीत पट्ट्यालगत दुधट, खरखरीत पट्टा. फुलदाण्यांवर हत्ती आहेत, मासे आहेत, आणि एक तर हाताने धरलेल्या फुलदाणीच्या आकाराची आहे. पेल्याचा तळ बघा, काहींवर इंग्रजी अक्षरांत 'जैन' असं नाव साच्यातच आहे.

योगायोग असा की फेंटनची पहिली चकाकी बाजारात येत होती त्याच सुमारास, १९०८ मध्ये, आपल्याकडे तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहत होता. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने तो उभा केला. पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंच्या कारखान्यात प्रभाकर कंदील निघाले. त्यांच्या कंदिलाची जुनी काच दिसली तर मी ती घेतेच, चकाकी नसली तरी.

मुंबईला आले की चोरबाजारात एक फेरी असते. तिथेही हाच क्रम: बॅटरी, नख, भिंग. भारतीय पेल्यांचा वरचा काठ घासून सपाट केलेला असतो, तो दोष समजू नका, बनवण्याचीच पद्धत ती. मात्र घासलेल्या काठाला बारीक टवके लवकर उडतात, म्हणून नख दोनदा फिरवा.

मागच्या फेरीत एक जैन पेला मिळाला. घरी आणून टेबलावर ठेवला तर आईने चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "हे तर दादरला मामांकडे होते. सहा. कोकम सरबत द्यायचे त्यात."

"मग गेले कुठे?"

"एक फुटला म्हणून संच मोडला. उरलेले पाच भंगारवाल्याला."

मी काही बोलले नाही. पेला कोमट पाण्याने धुतला आणि टॉवेलवर पालथा ठेवला.